ऐच्छिक सुरक्षा मान्यता योजना

कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य कायद्याच्या किमान अपेक्षेहून चांगले सांभाळणाऱ्या कारखान्यांना पारखून दिली जाणारी मान्यता. अर्ज कारखान्याने आपणहून करायचा असतो, म्हणून सरकारी तपासणी किंवा परवान्यात ती मोडत नाही. मराठवाड्यात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत अशा सगळ्या प्रकारांना मिळून ‘सेफ्टी अवॉर्ड’ म्हणतात. आयएसओ ४५००१ हे मात्र अवॉर्ड नव्हे. ते २०१८ मध्ये आलेल्या व्यवस्थापन मानकाचे प्रमाणपत्र आहे. गेटवरच्या फलकांवर दोन्ही शेजारी शेजारी लागल्याने गल्लत होते.

या कल्पनेचे सर्वांत परिचित रूप अमेरिकेत १९८२ मध्ये सुरू झाले. तिथल्या ‘ओशा’ या सरकारी संस्थेच्या योजनेत ‘स्टार’ दर्जा मिळवण्यासाठी कारखान्याचा अपघात दर त्या उद्योगाच्या राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असावा लागतो, आणि पथक प्रत्यक्ष येऊन कामगारांशी बोलते. कामगार संघटना असेल तर तिची संमती लागते. दर्जा मिळाल्यावर नियोजित तपासण्यांतून सूट मिळते. तक्रार आली किंवा मोठा अपघात झाला तर मात्र तपासनीस येतोच. ही सूटच वादाचा विषय ठरली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००९ मध्ये या योजनेवरची देखरेख कमी पडत असल्याचा ठपका ठेवला. जिथे कामगार दगावले असे काही कारखानेही यादीत टिकून होते.

भारतात श्रम मंत्रालयाने राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार १९६५ मध्ये सुरू केले. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे पुरस्कार चढत्या क्रमाने प्रशंसापत्र, सुरक्षा पुरस्कार, श्रेष्ठ सुरक्षा पुरस्कार आणि सर्वश्रेष्ठ सुरक्षा पुरस्कार असे आहेत. परिषदेचा स्थापना दिन देशभर सुरक्षा दिन म्हणून पाळतात. त्या आठवड्यात वसाहतीत कुठेही गेलात तरी छातीला बिल्ले, गेटवर बॅनर, शिफ्टच्या सुरुवातीला शपथ आणि पोस्टर स्पर्धा दिसतील. निर्यात करणाऱ्या कंपन्यांना ब्रिटिश सेफ्टी कौन्सिलच्या ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’चेही आकर्षण असते.

बऱ्याच पुरस्कारांत निर्णायक ठरतो तो वारंवारिता दर. काम बुडवणाऱ्या अपघातांची संख्या दहा लाखांनी गुणायची आणि वर्षभरातल्या एकूण श्रमतासांनी भागायची. ५०० कामगार वर्षाला प्रत्येकी २,४०० तास काम करत असतील, तर १२ लाख तास होतात. तीन अपघात झाले तर दर २.५. चाळीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये तास भरतात फक्त ९६,०००. तिथे एकाच अपघाताने दर १० च्या वर जातो, आणि पुढची काही वर्षे काहीच झाले नाही तर तो शून्यावर राहतो. म्हणजे लहान युनिटच्या शून्यातून त्याची सुरक्षितता कळत नाही.

मराठवाड्यात हा मुद्दा नुसता गणिताचा राहत नाही. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या वेंडरांचे जाळे उभे राहिले. बोटे जातात ती बहुतेक या वेंडरांच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवण्याच्या विभागात. पॉवर प्रेसला दोन बटणे दिलेली असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम (प्रेसचा वरून आदळणारा भाग) खाली येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. उत्पादन वाढवण्यासाठी एक बटण बांधून ठेवतात किंवा पायडलवर काम चालवतात. मग डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात अडकलेला तुकडा काढायला गेलेला हात तिथेच सापडतो. परीक्षकाने फाइल चाळण्याआधी अशी एखादी प्रेस चालवून पाहिली, तर निम्मे उत्तर तिथेच मिळते. जालन्याच्या स्टील उद्योगात धोका वेगळा. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीत, ओले भंगार किंवा बंद डबा गेला, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेला धातू उसळतो. त्यामुळे तिथे हेल्मेटपेक्षा भंगार निवडणाऱ्याच्या नजरेवर जास्त अवलंबून असते.

दर कमी दाखवण्याची पळवाटही सगळ्यांना माहीत आहे. जखमीला दुसऱ्या दिवशी गाडीने आणून ऑफिसात बसवायचे आणि ‘लाइट ड्युटी’ लिहायची, म्हणजे दिवस बुडालाच नाही. म्हणून जाणते परीक्षक ‘निअर मिस’ म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचे रजिस्टर आधी मागतात. शेकडो कामगारांच्या कारखान्यात वर्षभर एकही ‘थोडक्यात वाचलो’ नोंदले गेले नसेल, तर ती शाबासकीची नव्हे, संशयाची गोष्ट आहे. सुरक्षा समितीच्या इतिवृत्तावरूनही बरेच कळते. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, कारखाने अधिनियमातल्या १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली समिती बंधनकारक झाली. इतिवृत्तात कामगाराने मांडलेला मुद्दा आणि तो कधी निकाली निघाला याची तारीख सापडली, तर समिती खरी चालते असे धरायला हरकत नाही.

अर्जाच्या आकड्यांत ठेकेदाराची माणसे धरली आहेत का, हे सर्वांत शेवटी विचारले जाते. खरे तर ते आधी विचारायला हवे. अमेरिकी योजनेत मोठ्या ठेकेदारांच्या तासांची आणि अपघातांची नोंद कारखान्याला ठेवावी लागते. इकडे ठेकेदाराचे मस्टर वेगळे असते. परीक्षकाने गेटवरच्या आवक-जावक रजिस्टरशी ते ताडून पाहिल्याशिवाय श्रमतासांचा आकडा पक्का मानता येत नाही.