एसीचा खर्च तासावर, चाकांचा किलोमीटरवर

माझे मामा यावलला केळी करतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीतून आम्ही जळगावहून धुळ्याला निघालो आणि गाव सुटताच त्यांनी एसी बंद केला. "धुळ्यापर्यंत बॅटरी पुरायला हवी ना!" बाहेर पारा 44 वर. काचा खाली केल्या तर तोंडावर झळा. अर्ध्या वाटेत मामींना गरगरायला लागलं, तेव्हा एसी परत लागला. मामांची भीती खोटी नव्हती, पण एवढी मोठीही नव्हती.

घरच्या वीजबिलातलं युनिट घेऊनच हिशेब करू: 1 किलोवॉटचं उपकरण तासभर चाललं की 1 युनिट. अशा गाडीला किलोमीटरमागे साधारण 0.14 युनिट लागतं. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर, म्हणजे साडेबारा युनिट. उन्हात तापलेली गाडी गार करताना एसी पहिली दहा-पंधरा मिनिटं 3-4 किलोवॉट ओढतो, मग दीडच्या आसपास स्थिरावतो. पावणेदोन तासांत त्याचे झाले सुमारे 3 युनिट, म्हणजे वीसेक किलोमीटरची वीज.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. चाकं किलोमीटरप्रमाणे वीज खातात, एसी मात्र तासाप्रमाणे. पुढे ट्रक उलटून रस्ता तासभर तुंबला, तर चाकांचा खर्च शून्य, एसीचा तरीही दीड युनिट. म्हणून गावातल्या रखडत चालण्यात रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, जास्त घटलेली दिसते.

पण मला जास्त नवल वाटतं ते हिवाळ्याचं. जानेवारीत धुळ्याचा पारा 6-7 अंशांवर येतो, मामांच्या केळीची वाढ खुंटते, आणि पहाटे गाडीत हीटर लागतो. पेट्रोलच्या गाडीत ही ऊब फुकट असते: इंधनातल्या उर्जेचा पाव ते तिसरा हिस्साच चाकांपर्यंत जातो, बाकीची उष्णता वायाच जायची असते. इलेक्ट्रिक मोटर मात्र नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज गतीत बदलते. उरलीसुरली उष्णता केबिनला पुरत नाही, म्हणून ती बॅटरीतूनच तयार करावी लागते. बहुतेक गाड्यांत त्यासाठी पीटीसी हीटर असतो. त्यातल्या सिरॅमिकच्या चकत्या ठरावीक तापमानाला पोचल्या की त्यांचा विद्युतरोध एकदम वाढतो आणि प्रवाह आपोआप आवरतो. सुरक्षित आणि साधी रचना, पण 1 युनिट विजेतून 1 युनिटच उष्णता मिळते.

एसी त्यापेक्षा काटकसरी आहे, कारण तो थंडी बनवत नाही, उष्णता उचलून बाहेर टाकतो. आपल्या माठाचं पाणी गार होतं ते बाहेर पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं म्हणून. एसीत तेच काम डॅशबोर्डमागच्या नळ्यांत उकळणारा द्रव करतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो आणि ती उष्णता गाडीच्या नाकापाशी बाहेर पडते. 1 युनिट विजेत 2-3 युनिट उष्णता वाहून नेली जाते. हेच चक्र उलटं फिरवून बाहेरची उष्णता आत आणली की झाला हीट पंप. अशा चक्रात वापरला जाणारा आर-134ए हा द्रव उणे 26 अंशांनाच उकळतो, त्यामुळे आपल्या 7 अंशांच्या पहाटेतही त्याला उचलायला भरपूर उष्णता सापडते. स्वस्त गाड्यांत हीट पंप सहसा नसतो. गाडी घेताना जरूर विचारा.

तो नसेल तर सीट हीटर बरा. त्याला 50 ते 100 वॉट पुरतात, कारण तो हवा नाही, थेट पाठ तापवतो. काचेवर श्वासाचं धुकं साचलं तर हीटरसोबत एसीही लावावा, तो हवेतला ओलावा काढतो. अशा वेळी आतलीच हवा फिरवू नये. उन्हाळ्यात मात्र उलट: 44 अंशांची बाहेरची हवा सतत गार करण्यापेक्षा आतली 27 अंशांची फिरवणं केव्हाही सोपं, अधूनमधून ताजी हवा घेतली म्हणजे झालं.

मामा आता निघण्याआधी दहा मिनिटं, गाडी चार्जिंगला असतानाच, फोनवरून एसी लावतात. सुरुवातीची ती 3-4 किलोवॉटची ओढ घरच्या लाइनवर जाते, बॅटरीवर नाही. मामी तोवर डबा भरतात.