समुद्रासाठी रीळ घेताना बेअरिंग मोजू नका

बेळगावजवळच्या हिडकल धरणाच्या पाण्यात रोहू-कटला काढणारं गळाचं रीळ घेऊन वेंगुर्ल्याला किंवा गोव्याच्या बोटीवर गरवायला गेलं की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काही कळत नाही. मग एक दिवस हँडल उलटं फिरायला लागतं. आतला एकाच दिशेने फिरू देणारा रोलर-क्लच खारं पाणी पिऊन घसरू लागलेला असतो. मग आपण दुकानात 'मोठं, पण परवडणारं' रीळ मागायला जातो आणि दुकानदार सुरुवातच अशी करतो, "ह्यात धा बेअरिंग हाईत बघा." बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आणि हायड्रॉलिक सिलिंडर बघत वाढलेल्या माणसाने तरी याला भुलू नये. खाऱ्या पाण्यात दहा उघडी बेअरिंग म्हणजे गंज चढायला दहा जागा. चार असोत, पण बंदिस्त आणि योग्य ठिकाणी असोत.

या यंत्राचं मूळ कापडधंद्याच्या शेजारचं आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर-व्यवसायातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्थिर स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी जागची न हलणाऱ्या रिळाचं पेटंट घेतलं. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या विणकराला ते समजावून सांगावं लागणार नाही: धोट्यातली कांडी फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. इथेही गळ फेकताना स्पूल जागचं हलत नाही. ओढताना मात्र रोटर, म्हणजे हँडलने फिरणारा भाग, स्पूलभोवती फिरतो आणि दोरी त्यावरच्या लाइन-रोलर नावाच्या छोट्या चाकावरून काटकोनात वळते. सगळा भार त्या वळणावर आणि आतल्या दोन गिअरवर येतो. लहान माशाला हे चालून जातं. मोठी सुरमई, कुपा किंवा अंदमानात लोक ज्याच्या मागे जातात तो जायंट ट्रेव्हली गळाला लागला, की स्वस्त रिळाची परीक्षा इथेच होते. २००६ मध्ये जपानमध्ये गळावर मिळालेला विक्रमी ट्रेव्हली ७२ किलोंच्या वर होता.

तरी पैसे आधी मोजायचे ते ड्रॅगसाठी. ड्रॅग म्हणजे स्पूलमध्ये एकावर एक दाबलेल्या वॉशर. मासा ठरावीक ताकदीपेक्षा जोरात ओढू लागला की त्या घसरतात, दोरी सुटते, पण तुटत नाही. खोक्यावर 'कमाल ड्रॅग २५ किलो' असं मोठ्या अक्षरात असतं. आता हिशेब करा. दोरी ८० पौंडांची, म्हणजे साधारण ३६ किलोंची घेतली, तर ड्रॅग तिच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात: ९ ते १२ किलो. हलत्या बोटीवर १२ किलोंचा ओढा धरून उभं राहून दाखवा, मग २५ चं बोलू.

शिवाय लावलेला ड्रॅग तेवढाच राहत नाही. वॉशरचं घर्षण साधारण तेच असतं, पण दोरी जाईल तसा स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो. भरलेला व्यास ७० मिलिमीटर होता आणि मासा पळून तो ५० वर आला, तर १० किलोंवर लावलेला ड्रॅग १४ किलो होतो, तोही आपण ड्रॅग कमी-जास्त करायच्या नॉबला हात न लावता. मासा लांब पळाला की नॉब आवळायचा मोह होतो, आणि दोरी तुटते ती तिथेच.

उष्णतेचं गणितही बघा. १० किलोंच्या ओढ्यावर मासा सेकंदाला ८ मीटर वेगाने पळाला, तर वॉशरमध्ये जवळपास ७८० वॅट उष्णता तयार होते. घरातली इस्त्रीच रिळात चालू केल्यासारखं. फेल्टच्या वॉशर अशा वेळी दगा देतात, कार्बन-फायबरच्या टिकतात. कार्बनचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: थांबलेलं घर्षण आणि सरकतं घर्षण यांतला फरक ग्रीस लावलेल्या कार्बनमध्ये कमी असतो, म्हणून ड्रॅग सुटताना पहिला झटका बसत नाही. हे दुकानातच तपासता येतं. ड्रॅग बऱ्यापैकी आवळा, दोरी स्प्रिंगच्या काट्याला बांधून हळूहळू ओढा. काटा आधी उसळून मग एकदम खाली आला, तर ते रीळ परत कपाटात.

बॉडी धातूची हवी. ग्रॅफाइट मिसळलेलं प्लास्टिक गंजत नाही हे खरं, पण भाराखाली ते वाकतं, गिअरचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि झिजतात. हँडल थेट आट्यांनी मुख्य गिअरमध्ये बसणारं असावं. खटका दाबून दुमडणाऱ्या हँडलला खेळ येतो.

पण ॲल्युमिनियमची बॉडी आणि स्टेनलेसचे स्क्रू यांच्यामध्ये समुद्राचं पाणी आलं, की चक्क बॅटरी तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. आपल्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जी ॲल्युमिना काढतात, तिच्याच कुळातली ही. ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडचा थर हे रोखतो, तो खरवडेपर्यंत.

सीलबद्दलही, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या बंदोबस्ताबद्दलही गैरसमज पुष्कळ. तो किती पाणी सोसतो हे खोक्यावरचा आयपीएक्स आकडा सांगतो. आयपीएक्स५ म्हणजे मिनिटाला साडेबारा लिटरची धार सोसणारं, आयपीएक्स६ म्हणजे शंभर लिटरची. या दोन्ही आकड्यांत पाण्यात बुडवण्याची चाचणी येत नाही, आणि ही चाचणी गोड्या पाण्याची असते.

नावं घ्यायची तर शिमानोची स्टेला आणि डायवाची सॉल्टिगा विसरा, त्या पैशात सेकंडहँड दुचाकी येते. डायवाची बीजी आणि पेनची बॅटल यांच्यात धातूची बॉडी आणि कार्बन ड्रॅग मिळतो, सील बेताचे. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर पेनची स्पिनफिशर ६, तिला आयपीएक्स५ आहे. किनाऱ्यावरून आणि बोटीवरून गरवणाऱ्याला बॅटल पुरते. खडकावर लाटा अंगावर घेणाऱ्याने स्पिनफिशर घ्यावी. रिळाच्या मापाचा ८००० किंवा १०००० आकडा बघताना दोन कंपन्यांचे आकडे जुळतील असं समजू नका. स्पूलवर कोणत्या जाडीची किती मीटर दोरी बसते ते वाचा.

आणि आपण घाटावरचे लोक एक चूक हमखास करतो. रीळ तसंच पिशवीत टाकून शंभर-सव्वाशे किलोमीटर घरी आणतो. वाटेत पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि ते मीठ बेळगावच्या पावसाळी हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. किनारा सोडण्याआधीच ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, कार धुण्याच्या प्रेशरची नव्हे. तिने मीठ सीलच्या आत ढकललं जातं. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दबून एकमेकांना चिकटतात. लाइन-रोलरला तेवढा तेलाचा एक थेंब.