कॉलराचं विष आणि डांग्या खोकल्याचं विष: एक चालूवर अडकवतं, दुसरं बंदवर

‘दोन्ही विषं जी-प्रोटीन कायमचं चालू करतात, म्हणून सायक्लिक एएमपी वाढतं.’ उत्तरपत्रिकांत आणि क्लासच्या नोट्समध्ये हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता लिहायलाच बसले. (जी-प्रोटीन म्हणजे बाहेरचा इशारा पेशीच्या आत पोचवणारं, चालू-बंद होणारं प्रथिन; सायक्लिक एएमपी म्हणजे पेशीतला निरोप्या रेणू.) कॉलरापुरतं हे वाक्य बरोबर आहे. पर्ट्युसिसच्या, म्हणजे डांग्या खोकल्याच्या विषाबाबत मात्र साफ चूक.

साम्यं पटकन उरकते. दोन्ही विषांत एक ए भाग आणि पाच बी उपघटकांचं कडं असतं. बी पेशीला चिकटतो, ए आत शिरतो आणि पेशीतल्या एनएडी या रेणूमधला एडीपी-रायबोज हा तुकडा काढून जी-प्रोटीनच्या अल्फा उपघटकावर डकवतो. (कॉलराचं हे विष शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात सशाच्या आतड्यावर सिद्ध केलं. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतडं पाण्याने फुगलं!)

खरा प्रश्न आहे, डकवतो कुठे?

जी-प्रोटीन जीटीपी हा रेणू धरून असताना चालू असतं; तो तुटून जीडीपी झाला की बंद. कॉलराचं विष जी-एस या सायक्लिक एएमपी वाढवणाऱ्या जी-प्रोटीनच्या अल्फातल्या २०१ क्रमांकाच्या अमिनो आम्लाला, आर्जिनीनला धरतं. जीटीपी तुटताना फॉस्फेटला सावरतं ते हेच आर्जिनीन. ते जायबंदी झालं की जीटीपी तुटत नाही, स्वतःला बंद करायची सोयच जाते. जी-एस चालूच राहतं.

पर्ट्युसिसचं विष त्या गाभ्याकडे फिरकतही नाही. ते जी-आय या दुसऱ्या जी-प्रोटीनच्या अल्फाच्या शेपटीवर, शेवटून चौथ्या अमिनो आम्लावर बसतं. जी-आय अल्फा-१ मध्ये एकूण ३५४ अमिनो आम्लं, त्यातलं ३५१ वं सिस्टीन. रिसेप्टरच्या (बाहेरचा इशारा झेलणाऱ्या प्रथिनाच्या) आतल्या खोबणीत शिरते ती हीच शेपटी. तिच्यावर एवढा गठ्ठा बसल्यावर ती शिरणार कशी? रिसेप्टर कितीही ओरडला तरी जी-आय जीडीपी धरून बसून राहतं. ते चालू होतच नाही. जी-आयचं काम ब्रेकचं, सायक्लिक एएमपी रोखण्याचं. ब्रेक लागत नाही म्हणून सायक्लिक एएमपी वाढतं.

त्यामुळे एस की आय हे न सांगता फळ्यावर नुसतं ‘जी-प्रोटीन’ लिहिणं मला मुळीच पटत नाही. आणि सगळं सायक्लिक एएमपीवर ढकलणं तर त्याहून नाही. डांग्या खोकल्याच्या बाळाच्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) भरमसाट का दिसतात? रक्तातून लसिकाग्रंथींत शिरायला त्यांना केमोकाइनचा, म्हणजे पेशींना वाट दाखवणाऱ्या प्रथिनाचा, इशारा लागतो, आणि तो इशारा जी-आयमार्फतच पोचतो. तो पोचला नाही की त्या पेशी रक्तातच तुंबून राहतात.