कॉर्डोमा का काँड्रोसार्कोमा? लाईट सुरू करायच्या आधी एवढं क्लिअर करून घ्या

कवटीच्या तळाशी गाठ दिसली की एमआरआयच्या रिपोर्टवर ही दोन्ही नावं शेजारी शेजारी येतात आणि घरचे म्हणतात, एकच असेल, लाईट (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार) तर दोन्हीला द्यायचीच आहे ना. देतात खरी, पण फरक पडतो, आणि बराच पडतो.

कॉर्डोमा म्हणजे बाळ पोटात असताना कण्याच्या जागी नोटोकॉर्ड नावाची जी दोरी असते, तिच्या मागे राहिलेल्या पेशींतून झालेली गाठ, त्यामुळे ती बहुतेक मधोमधच सापडते, माकडहाडाच्या वर सेक्रममध्ये, मणक्यात, नाहीतर कवटीच्या तळाला. दहा लाखांत वर्षाला साधारण एक पेशंट. काँड्रोसार्कोमा हा कूर्चेचा कॅन्सर, कवटीत तो सहसा मधून जरा बाजूला असतो. पण एमआरआयच्या टी-टू फिल्मवर दोन्ही पांढरेशुभ्र, म्हणून नुसत्या फिल्मवर जाऊ नका. बायोप्सीच्या तुकड्यावर ब्रॅकियुरी नावाच्या प्रथिनाची टेस्ट करतात, कॉर्डोमात ती पॉझिटिव्ह येते, काँड्रोसार्कोमात निगेटिव्ह.

आधी ऑपरेशन करून निघेल तेवढी गाठ काढायची आणि मग लाईट, इथपर्यंत दोघांचं सारखं. पुढे मात्र कॉर्डोमा लय चिवट, त्याला 70 ग्रेच्या (ग्रे म्हणजे लाईटचा डोस मोजायचं माप) वर, बऱ्याचदा 74 च्या आसपास डोस लागतो आणि तरी तो काही वर्षांनी परत डोकं वर काढू शकतो. कवटीतला लो ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणारा काँड्रोसार्कोमा थोड्या कमी डोसवरही पुष्कळ चांगला आटोक्यात राहतो. अडचण अशी की शेजारीच ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ, त्याला साधारण 54 ग्रेपर्यंतच झेपतं. म्हणून प्रोटॉन या वेगळ्या प्रकारच्या लाईटचं नाव निघतं, तो किरण गाठीपाशी थांबतो, पलीकडे जवळजवळ काही जात नाही.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलमुळे कॅन्सरची लाईट लोकांना नवी नाही, पण प्रोटॉनला बाहेरच जावं लागतं: चेन्नईचं अपोलो 2019 पासून, खारघरचं टाटा अ‍ॅक्ट्रेक 2023 पासून. माझं स्पष्ट मत, सोलापुरात ऑपरेशन झालं असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन गाडीत बसू नका, लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा छोटा ब्लॉक मागून घ्या, कारण ब्रॅकियुरी राहिली असेल तर त्याच ब्लॉकवर करता येते. आणि लाईट आठवड्यातून पाच दिवस, सात-आठ आठवडे चालते, तेव्हा तिकडे राहायची सोय आधीच बघून ठेवा.