खरकट्याच्या बादलीतून: आफ्रिकन स्वाइन फीवरची पार्श्वभूमी

डुकरांच्या आजाराचा विषय निघाला की महाराष्ट्रात पहिली आठवण येते ती 2009 च्या स्वाइन फ्लूची. देशातला त्याचा पहिला मृत्यू त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. तोंडाला रुमाल बांधलेलं शहर सगळ्यांनी पाहिलं आणि 'स्वाइन' हा शब्द लोकांच्या मनात कायमचा भीतीशी जोडला गेला. त्यातून एक गल्लत झाली, ती अजून सुटलेली नाही. स्वाइन फ्लू हा इन्फ्लुएन्झा. तो माणसाकडून माणसाला होतो. क्लासिकल स्वाइन फीवर फक्त डुकरांना होतो आणि त्यावर लस आहे. आफ्रिकन स्वाइन फीवरही फक्त डुकरांना होतो, पण त्यावर औषध नाही आणि आपल्या देशात लसही नाही. शेवटच्या दोन आजारांचे विषाणू नावापुरतेच सारखे आहेत. एक लहानसा आरएनए विषाणू, तर दुसरा दीडशेहून अधिक जनुकं असलेला थोराड डीएनए विषाणू. म्हणून क्लासिकलची लस आफ्रिकनवर चालत नाही. 'लस टोचली होती, तरी सगळी डुकरं गेली' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं, आणि दोष मात्र लसीला दिला जातो.

आजाराची पहिली शास्त्रीय नोंद केनियातली आहे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी तिथे आपली गोरी डुकरं नेली आणि ती भराभर मरू लागली. माँटगोमेरी नावाच्या पशुवैद्यकाने 1921 मध्ये हा आजार नेहमीच्या स्वाइन फीवरपेक्षा वेगळा असल्याचं मांडलं. त्याचा रोख वॉर्टहॉग या तिथल्या रानटी डुकराकडे होता. वॉर्टहॉगला विषाणूची बाधा होते, पण त्याला काही होत नाही. त्याच्या बिळात मऊ कवचाच्या गोचिडी राहतात. त्या पिल्लांचं रक्त पितात, विषाणू पोटात सांभाळतात आणि पुढच्या पिल्लांना देतात. गोचीड आणि वॉर्टहॉग यांच्यातलं हे चक्र कोणालाही न मारता चालू होतं. पाळीव डुक्कर मध्ये आलं आणि मरतूक सुरू झाली.

पण गोचीड काही समुद्र ओलांडून जात नाही. 1957 मध्ये हा आजार लिस्बनमध्ये उगवला तो विमानतळाजवळच्या डुकरांमध्ये. विमानांतून उतरलेलं उरलंसुरलं अन्न त्यांना घातलं जात होतं आणि त्यातल्या मांसात विषाणू होता. ती साथ दडपली, पण 1960 मध्ये तो पुन्हा आला, स्पेनमध्ये शिरला आणि पुढची 35 वर्षं हलला नाही. या आजाराचा पुढचा इतिहास वाचताना लिस्बनची ती बादली डोळ्यांसमोर ठेवावी. नंतरच्या कितीतरी उड्यांमागे गोचीड किंवा वारा नाही, माणसाने वाहून नेलेलं मांस, खरकटं, गाडी किंवा बूट आहे.

खरकट्यातून तो इतका सहज का जातो, तर तो फार चिवट आहे. गोठवलेल्या मांसात तो वर्षानुवर्षं टिकतो. खारवून वाळवलेल्या हॅममध्ये महिनोन्महिने राहतो. 4 अंशांवर ठेवलेल्या रक्तात दीड वर्षानंतरही जिवंत सापडतो. गोव्यातल्या चोरीस या डुकराच्या मांसाच्या सॉसेजसारखा मीठ, मिरची आणि विनेगरमध्ये मुरवून वाळवलेला, न शिजवलेला प्रकार खाणाऱ्या माणसाला या विषाणूपासून काहीच धोका नाही. मात्र विनेगरचा आंबटपणा मांसाच्या आतपर्यंत विषाणू मारण्याइतका उतरेल, असा भरवसा धरता येत नाही. म्हणून तसल्या मांसाचे तुकडे डुकराच्या पुढ्यात जाता कामा नयेत. आगोंद गोवन ही गोव्याची नोंद झालेली देशी जात आहे. तिच्यासारख्या थोडक्या संख्येच्या जातींना एक साथही परवडणारी नाही.

उष्णतेपुढे मात्र हा विषाणू नरमतो. 60 अंशांवर 20 मिनिटांत तो मरतो. तरीही खरकट्यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम 90 अंश, किमान 60 मिनिटं आणि सतत ढवळत राहणं असा कडक आहे. कारण उघडं आहे. मोठ्या पातेल्यात वर बुडबुडे येत असतात, तळाशी करपत असतं आणि मधल्या हाडाच्या गड्ड्यात मांस कोमटच राहिलेलं असतं. त्यासाठी हाडं आणि मोठे तुकडे आधी वेगळे काढावे लागतात. दुसरी चूक याहून साधी आणि याहून घातक आहे. ज्या बादलीतून कच्चं खरकटं आणलं, तिच्यातूनच शिजवलेलं नेलं, म्हणजे तासभर जाळलेलं सरपण वाया गेलं. कच्च्याची आणि शिजवलेल्याची बादली वेगळी हवी, रंगही वेगळा हवा. हॉटेलांच्या खरकट्यावर डुकरं पोसणाऱ्या माणसाला 'खरकटं बंद करा' असं सांगणं सोपं आहे, पण बाजारच्या खाद्याचा खर्च त्याला झेपत नाही. त्याला शिजवण्याची रीत नीट शिकवणं हे खरं काम आहे आणि तेच कमी होतं.

पोर्तुगालने 1960 च्या दशकात लसही करून पाहिली. विषाणू दुबळा करून मोठ्या प्रमाणावर टोचला. टोचलेल्या पुष्कळ डुकरांना न्यूमोनिया झाला, सांधे सुजले, गाभण डुकरिणी गाभडल्या आणि काही डुकरं विषाणूची कायमची वाहक झाली. पुढची अनेक वर्षं या लसीकडे संशोधक बिचकत पाहत होते, त्याचं मूळ या अनुभवात आहे.

स्पेनने वेगळी वाट धरली. 1985 मध्ये मोहीम सुरू झाली. फिरती पशुवैद्यकीय पथकं नेमली, कळपांचं रक्त तपासलं, वाहक डुकरं शोधून काढून टाकली. जुन्या दगडी गोठ्यांच्या भेगांत गोचिडी राहत, ते गोठे सोडून धुता येतील अशी शेड उभारायला मदत दिली. वाहतुकीची नोंद सक्तीची केली आणि मारलेल्या जनावराचे पैसे दिले. 1995 मध्ये देश आजारमुक्त झाला. लस नसतानाही हा आजार हटवता येतो याचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्याला 10 वर्षं लागली आणि त्या 10 वर्षांत पैसा थांबला नाही, हेही त्याच्या जोडीने सांगायला हवं.

नाहीतर काय होतं ते हैतीने पाहिलं. 1978 च्या सुमारास माल्टा, सार्डिनिया, ब्राझील, डॉमिनिकन रिपब्लिक असे एकामागून एक प्रदेश बाधित झाले. माल्टाने बेटावरचं एकूण एक डुक्कर मारलं. डॉमिनिकन रिपब्लिकच्या शेजारच्या हैतीत अमेरिकेच्या पैशाने तिथली काळी क्रेओल डुकरं जवळपास संपवण्यात आली. हे डुक्कर म्हणजे गरीब कुटुंबाची बचत होती. मुलाची फी, घरचं दुखणं, मयताचा खर्च त्यातून निघे. बदल्यात आलेल्या परदेशी डुकरांना सिमेंटची जमीन आणि विकतचं खाद्य लागे, ते त्या घरांना परवडलं नाही. विषाणू गेला, पण त्याच्याबरोबर गरिबाची बँकही गेली. रोगनियंत्रणाचे आराखडे आखणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये असं मनापासून वाटतं.

2007 मध्ये जॉर्जियात, काळ्या समुद्रावरच्या पोती बंदराजवळ, नवा प्रकार उतरला. तो आग्नेय आफ्रिकेतला, जीनोटाइप 2, म्हणजे या विषाणूचा दुसऱ्या क्रमांकाचा जनुकीय गट. जहाजांवरच्या मांसाच्या कचऱ्यातून तो आला असं मानलं जातं. तिथून तो रशियात गेला, 2014 मध्ये पोलंड आणि बाल्टिक देशांत पोचला आणि या वेळी रानडुकरांनी त्याला जंगलात ठाव दिला. थंडीत मेलेल्या रानडुकराच्या सांगाड्यात विषाणू महिनोन्महिने राहतो आणि दुसरं रानडुक्कर येऊन ते हुंगतं. 2017 मध्ये चेकियात आणि 2018 मध्ये बेल्जियममध्ये शिरलेली ही जंगलातली साथ त्या देशांनी रोखून दाखवली. दोघांची रीत एकच होती: बाधित भागाला कुंपण, सुरुवातीला आत शिकार आणि वर्दळ बंद, म्हणजे कळप बिथरून बाहेर पळत नाहीत, आणि मेलेली जनावरं शोधून उचलणं. साथ लहान असताना सापडली म्हणूनच हे जमलं.

ऑगस्ट 2018 मध्ये चीनच्या ल्याओनिंग प्रांतात शेनयांगला पहिली नोंद झाली. जगातली जवळपास निम्मी डुकरं चीनमध्ये होती. वर्षभरात तिथला कळप सुमारे 40 टक्क्यांनी घटला. तिथल्या कृषी मंत्रालयाने 68 उद्रेकांचा माग काढला, तेव्हा 46 टक्क्यांमागे गाड्या आणि कामगार, 34 टक्क्यांमागे खरकटं आणि 19 टक्क्यांमागे जिवंत डुकरांची लांबची वाहतूक सापडली. हे आकडे फार्मच्या फाटकावर लावून ठेवावेत असे आहेत.

भारतात हा आजार 2020 च्या सुरुवातीला अरुणाचल आणि आसाममध्ये दिसला. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने निदान पक्कं केलं आणि मे महिन्यात आसामने ते जाहीर केलं. तेव्हा टाळेबंदी होती आणि लोकांच्या मनात कोरोना होता. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 90 लाख डुकरं आणि त्यातली जवळपास 21 लाख एकट्या आसामात, म्हणजे घाव वर्मी बसला. मेलेली डुकरं ब्रह्मपुत्रेत तरंगत होती. काझीरंगाच्या अगोरातोली परिक्षेत्रात रानडुकरांना वस्तीकडून दूर ठेवण्यासाठी 6 फूट खोल आणि 2 किलोमीटर लांब चर खणावा लागला. 2021 मध्ये मिझोरामची पाळी आली. जुलै 2022 मध्ये केरळात, वायनाडच्या मानंथवाडीत तो सापडला. ही पश्चिम घाटाचीच रांग आहे आणि तिच्या उत्तरेच्या टोकाला आपली गावं आणि आपली रानडुकरं आहेत.

इथे एक गोष्ट जवळून पाहायला हवी, कारण बहुतेक घात तिथेच होतो. हा आजार मारक आहे, पण कळपात तो वणव्यासारखा पसरत नाही. रक्त, लाळ, विष्ठा यांचा थेट संपर्क लागतो. 20 डुकरांच्या शेडमध्ये आज एक मरतं. ताप 41 अंशांवर जातो, जनावर खाणं सोडतं, कोपऱ्यात दुसऱ्यावर रेलून पडतं, कान आणि पोटाखालची कातडी लालसर-निळी होते. मग चार-सहा दिवस काहीच होत नाही. मालकाला वाटतं, उन्हाने गेलं असेल, खाण्यातून काही गेलं असेल. तो मेलेलं डुक्कर कापून वाटतो. सगळं रक्त शेडमध्ये सांडतं, आणि त्या रक्ताच्या एका थेंबात विषाणूचे लाखो कण असतात. आठवड्याने तीन डुकरं पडतात. तेव्हा घाबरून तो उरलेली, वरून धडधाकट दिसणारी डुकरं मिळेल त्या भावाने रातोरात विकतो. आजार दुसऱ्या तालुक्यात पोचतो तो असा.

या माणसाला दोषी ठरवणं सोपं आहे. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या डुकरांची, कळवण्याआधीच मेलेल्यांची नाही, आणि पैसे कधी हाती येतील याची खात्री नसते. जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे आजार कळवणं बंधनकारक आहे. राष्ट्रीय आराखड्यानुसार उद्रेकाभोवती 1 किलोमीटरचं बाधित क्षेत्र ठरतं, तिथली डुकरं मारली जातात, आणि 10 किलोमीटरपर्यंत पाळत राहते. जो पहिल्या मेलेल्या डुकरालाच पशुधन विकास अधिकाऱ्याला फोन करतो, त्याचे पैसे सर्वांत आधी हातात पडले, तर रात्रीचे टेम्पो बंद होतील.

नुसत्या डोळ्यांनी आफ्रिकन आणि क्लासिकल यांत फरक करता येत नाही. पानथरी (प्लीहा) फुगून काळी पडणं ही खूण आफ्रिकनकडे बोट दाखवते, पण ती पाहायला शेडवर पोट फाडायचं नाही. जांभळ्या बुचाच्या नळीत घेतलेलं रक्त बर्फावर प्रयोगशाळेत जायला हवं. पुरताना खड्डा विहिरीपासून लांब हवा आणि जनावरावर किमान 6 फूट माती पडली पाहिजे. माती चोपून घट्ट बसवू नये, कारण आत वायू धरतो आणि खड्डा फुगून फुटतो. उथळ खड्डा कुत्री उकरतात आणि तुकडे गावभर नेतात.

शेड धुताना कॉस्टिक सोड्याचं 2 टक्क्यांचं द्रावण चालतं, म्हणजे 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून डोळ्यात उडतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. पण शेण, माती आणि चरबीचा थर असताना कोणतंही औषध आत पोचत नाही. आधी खरवडायचं, मग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचं, मग औषध मारून किमान अर्धा तास ओलं ठेवायचं. फाटकाजवळचं, औषधात बूट बुडवायचं तसराळं पुष्कळ ठिकाणी फक्त चिखलपाणी असतं. त्यापेक्षा शेडचे गमबूट शेडमध्येच ठेवले तर जास्त उपयोग होतो.

लसीचं म्हणाल तर व्हिएतनामने जनुक काढून दुबळा केलेल्या विषाणूची लस 2022 मध्ये मर्यादित वापरासाठी आणि 2023 मध्ये व्यापारी वापरासाठी मान्य केली. 2022 मध्ये टोचलेली काही डुकरं मेल्याने ती मध्येच थांबवावीही लागली होती. दरम्यान चीन आणि व्हिएतनाममध्ये जीनोटाइप 1 आणि 2 यांच्या मिश्रणातून झालेले नवे विषाणू सापडले. अशा दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लसीच्या चाचण्यांत त्यांच्यापुढे संरक्षण टिकत नाही असं दिसलं. त्यामुळे निदान आज तरी भिस्त बादली, बूट आणि गाडी यांच्यावरच आहे.

शेड पुन्हा भरायची घाई हीसुद्धा जुनीच चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची शिफारस अशी: स्वच्छता पूर्ण झाल्यावर 40 दिवस शेड रिकामी ठेवायची. मग क्षमतेच्या 10 टक्के एवढीच डुकरं आणायची, म्हणजे 20 च्या शेडला दोन, आणि ती शेडच्या प्रत्येक कोपऱ्यात फिरू द्यायची. 6 आठवडे रोज त्यांचं खाणं पाहायचं, ताप मोजायचा, रक्त तपासून घ्यायचं. ती दोन्ही ठणठणीत राहिली, तरच बाकीची 18 आणायची.