पाझर आणि घाम: तळघरातल्या ओलीतला फरक

वॉटरप्रूफिंग म्हणजे काय, हे नाशिककरांना समजावून सांगण्याची गरज नाही; गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा प्रत्येकाने पाहिलेला असतो. इन्सुलेशनची मात्र त्याच्याशी सर्रास गल्लत होते, आणि एकाच थरात ओलही थांबेल, विजेचे बिलही उतरेल, असे सांगणारे कंत्राटदार ती गल्लत आणखी वाढवतात. वॉटरप्रूफिंग पाणी अडवते आणि इन्सुलेशन उष्णता अडवते. जाडी आणि दर यांतला फरक दुकानात विचारला तरी कळतो. माणसे फसतात ती ओल कुठून आली हे न पाहता उपाय ठरवल्यामुळे.

तळघराच्या भिंतीवर येणारी एक ओल बाहेरच्या मातीतून पाझरते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, आणि भिंतीमागे एक मीटर उंचीचे पाणी साठले की तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब पडतो. हा दाब लेपाला भिंतीपासून लोटत असल्यामुळे आतून मारलेला साधा लेप दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. शक्य असेल तिथे भिंत बाहेरून उकरून लेप द्यावा आणि तिच्यालगत काळ्या मातीऐवजी खडी भरून पाण्याला वाट काढून द्यावी, असेच माझे ठाम मत आहे.

दुसरी ओल मातीतून येतच नाही. तो भिंतीला सुटलेला घाम असतो. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २४ अंशांपेक्षा गार पृष्ठभागावर त्याच हवेतले बाष्प पाणी होऊन बसते. अशा वेळी "खिडक्या उघडा, वारा खेळू द्या" हा सल्ला घातक ठरतो, कारण तो वाराच पाणी घेऊन येतो. रात्रभर एसी चालवून सकाळी दारे उघडणाऱ्या तळघरात हा प्रकार हमखास दिसतो. एक लिटर बाष्पाचे पाणी करताना एसीला सुमारे ०.६७ युनिटइतकी उष्णता उचलावी लागते, म्हणजे घामाची किंमत बिलातही मोजावी लागते.

दोन्ही डाग दिसायला सारखेच असतात. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या तळघरात मी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा कोरड्या पुसलेल्या भिंतीवर चारही कडांना टेप लावून दोन दिवस ठेवला. फॉइलचा दर्शनी भाग ओला झाला, तर तो घाम. मागची बाजू ओली झाली, तर पाझर. आमच्याकडे मागून थेंब ओघळले आणि आतून रंग देण्याचा बेत तिथेच बारगळला.

घाम सुटणाऱ्या, एसीच्या खोलीला आतून इन्सुलेशन उपयोगी पडते, पण आधी पाझर थांबलेला हवा आणि सांधे हवाबंद हवेत, नाहीतर इन्सुलेशनच्या फळीमागे घाम साचतो. शिवाय पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २४ पट असते, त्यामुळे भिजलेले इन्सुलेशन नावापुरतेच उरते. एसी नसलेल्या तळघराला मात्र वीज वाचवण्यासाठी इन्सुलेशन लावणे मला चुकीचे वाटते. काही मीटर खोलवरची जमीन वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ राहते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तोच गारवा भिंतीतून फुकट मिळतो. इन्सुलेशनचे पैसे गच्चीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर खर्च करावेत, कारण घर तापते ते तिथूनच.