द्विभाषिक चित्रपटांतील प्रणयजोड्या (मद्रास)

मद्रासच्या स्टुडिओंत १९५०च्या दशकात अनेक चित्रपट तेलुगू आणि तमिळमध्ये बरोबरीने चित्रित होत. सेट आणि प्रकाशयोजना एकदा लागली की एका भाषेतला शॉट घ्यायचा आणि मग त्याच जागी दुसऱ्या भाषेतला. एका सेटचा खर्च दोन बाजारपेठांत वसूल होई. प्रणयकथेत मात्र यातून एक चमत्कारिक रीत पडली. नायिका अनेकदा तीच राही आणि नायक भाषेगणिक बदले, कारण तिकीट नायकाच्या नावावर खपे आणि त्याचा चाहतावर्ग भाषेला बांधलेला असे.

‘देवदासु’ (१९५३) या रीतीत बसत नाही. त्यात दोन्ही भाषांत अक्किनेनी नागेश्वर राव आणि सावित्री हीच जोडी होती. विजया प्रॉडक्शन्सच्या ‘मिस्सम्मा’त (१९५५, दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद) सावित्रीसमोर तेलुगूत एन. टी. रामाराव होते, तमिळ ‘मिस्सियम्मा’त जेमिनी गणेशन. नोकरीसाठी पदवीधर पती-पत्नी हवेत, म्हणून दोघे अनोळखी तरुण नवरा-बायको असल्याचे सोंग आणतात. प्रेम नंतर, भांडणांतून उगवते. नायिकेची ही भूमिका मुळात अभिनेत्री भानुमतींची. थोडे चित्रीकरण झाल्यावर त्या बाहेर पडल्या, सावित्री दुय्यम भूमिकेतून वर आली आणि तिची जागा जमुनाने घेतली. जमुनाचा जोडीदार तेलुगूत नागेश्वर राव, तमिळमध्ये विनोदी नट के. ए. तंगवेलू. त्यामुळे तेलुगूत जे दुसरे प्रेमप्रकरण वाटते, ते तमिळमध्ये निव्वळ विनोदाकडे झुकते.

‘मायाबाजार’ (१९५७, दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी) हा या पद्धतीचा कळस. कृष्णाच्या भूमिकेत रामाराव आणि घटोत्कचाच्या भूमिकेत एस. व्ही. रंगाराव, हे दोन्ही भाषांत कायम. अभिमन्यू तेलुगूत नागेश्वर राव, तमिळमध्ये जेमिनी गणेशन. नायिका शशिरेखा, म्हणजे तमिळमधली वत्सला, दोन्हीकडे सावित्रीच. मराठी वाचकाला ती सुरेखा म्हणून ठाऊक असते. बाबूराव पेंटरांचा ‘सुरेखाहरण’ (१९२१) याच कथेवरचा. ताटातुटीत प्रेमिकांची भेट घडवायला इथे ‘प्रियदर्शिनी’ नावाची पेटी आहे. ती उघडणाऱ्याला आपली आवडती गोष्ट दिसते आणि त्या दोघांचे एक युगुलगीतच तिच्या आधाराने रंगते.

‘मायाबाजार’मधल्या नौकाविहाराच्या गीतात द्विभाषिक कामाची खरी कसोटी दिसते. छायाचित्रकार मार्कस बार्टली यांनी कृष्णधवल पडद्यावर उभे केलेले चांदणे आजही वाखाणले जाते. चेहऱ्यावर मऊ उजेड आणि पाण्यावर चमक, असा त्याचा तोल. गीताचे तेलुगू शब्द पिंगळि नागेंद्र राव यांचे, तमिळ तंजै रामय्या दास यांचे. आवाज दोन्हीकडे घंटसाला आणि पी. लीला यांचे. चाल एकच असल्याने अडचण शब्दांची. तेलुगू शब्द बहुधा स्वरान्त असतात, त्यामुळे सूर लांबवता येतो. तमिळमध्ये म्, न्, ल् असे व्यंजनान्त शब्द भरपूर, आणि लांब सुरावर ते आले की मोकळा स्वर तुटतो. ‘लाहिरि लाहिरि लाहिरिलो’च्या जागी आलेले ‘आहा इन्ब निलाविनिले’ स्वरावर संपते, म्हणून ते चालीत बसते. नायकच वेगळा असल्याने त्याचा चेहरा दिसणारा कोणताही तुकडा दुसऱ्या आवृत्तीत वापरता येत नसे. सावित्रीला तर तोच लाजरा कटाक्ष दोन वेगळ्या पुरुषांसाठी, दोन भाषांत द्यावा लागे. तिच्या अभिनयाची चर्चा करताना हा भाग फारसा कोणी मोजत नाही.

एकाच भाषेत घट्ट रुजलेल्या जोड्यांची गोष्ट निराळी. मल्याळममध्ये प्रेम नझीर आणि शीला यांनी शंभराहून अधिक चित्रपटांत एकत्र काम केले.

पुढे एकाच वेळी दोन चित्रपट काढण्याऐवजी एका भाषेत यश मिळाल्यावर दुसऱ्या भाषेत पुनर्निर्मिती करण्याकडे कल वाढला. दिग्दर्शक श्रीधर यांच्या तमिळ ‘कल्याण परिसु’त (१९५९) नायक जेमिनी गणेशन आणि नायिका बी. सरोजादेवी. तेलुगू ‘पेळ्ळि कानुक’त (१९६०) सरोजादेवी कायम राहिली आणि नायक झाले नागेश्वर राव. हिंदी ‘नजराना’त (१९६१) मात्र राज कपूर आणि वैजयंतीमाला आले, म्हणजे अख्खी जोडीच बदलली.